स्रोत : मानवी

सन्माननीय अध्यक्ष मधुकररावजी, ज्यांच्यासाठी आपण सारे एवढ्या उन्हात जमलो त्या सत्कारमूर्ती कमलाताई ताकसांडे, व्यासपीठावरच्या डॉक्टर ज्योत्स्नाताई, प्रयोगशाळेतले सर्व कर्मचारी, व्हरांड्यात उभी असलेली चालक मंडळी, आणि सकाळच्या एसटीनं आंजीमार्गे आलेले माझे सावळधऱ्याचे गावकरी, सर्वांना माझा नमस्कार आणि जय भीम.

निवेदन करणाऱ्या मॅडमनी माझी ओळख 'माजी आदर्श सरपंच रूपराव झाडे' अशी करून दिली. त्यांची चूक नाही. चिठ्ठीवर तसं मीच लिहून दिलं होतं, सवयीनं हात गेला. त्यातला 'आदर्श' ठेवायचा की खोडायचा, ते माझं बोलणं संपल्यावर तुम्हीच ठरवा.

माझ्या आधी बरेच जण छान बोलले. कमलाताईंनी अडतीस वर्षांच्या नोकरीत किती नमुने तपासले, किती विहिरींत डोकावल्या, सारं आलं. वरिष्ठ लिपिक साहेबांनी एक गंमत सांगितली. म्हणाले, दुसऱ्यांचा अहवाल असतो, 'पिण्यास अयोग्य', दोन शब्द. ताईंचा शेरा म्हणजे निबंध. 'ही विहीर माणसाच्या विष्ठेने दूषित झालेली आहे, हे पाणी कोणीही पिऊ नये, लहान मुलांना तर मुळीच देऊ नये,' असं मोठ्या अक्षरांत, पहिलीच्या पोरांना लिहून द्यावं तसं. सगळे हसले. ताईही हसल्या.

मी हसलो नाही. कारण तो निबंध माझ्यामुळं सुरू झाला. दोन हजार दोन सालाआधीचे ताईंचे अहवाल काढून पाहा साहेब, तेही दोन-दोन शब्दांचेच आहेत.

मी काही विज्ञानाचा माणूस नाही. चुकलो तर ज्योत्स्नाताई मला टोकतील. गावात पाणी तपासायची एक बाटली येते, तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पाणी भरून ठेवायचं, काळं झालं की पाणी वाईट. पण घाण कोणाची, माणसाची की ढोराची, हे ती बाटली सांगत नाही. कमलाताई नागपूरहून एक जास्तीचं शिकून आल्या होत्या. काही जंतू असे आहेत म्हणे, की ते माणसाच्याच आतड्यात राहतात. म्हशीच्या पोटात त्यांचं घर नाही. आणि बाहेर पडले, हवा लागली, की फार दिवस जगत नाहीत. म्हणजे ते विहिरीत सापडले तर तीन गोष्टी कळतात. घाण माणसाची आहे, ताजी आहे आणि जवळून येते आहे. हे जंतू वाढवायला हवा चालत नाही, त्यासाठी हवाबंद बरणी लागते. ती ताईंनी ज्योत्स्नाताईंच्या कॉलेजातून मागून आणली होती, एसटीत मांडीवर ठेवून.

तर जानेवारी दोन हजार दोन. आमचं गाव स्वच्छता स्पर्धेत उतरलं होतं. समिती बारा फेब्रुवारीला येणार. मी सरपंच. गावात मी पन्नास संडास बांधून घेतले आणि पहिला माझ्या स्वतःच्या घरी. निळ्या फरशीचा, बाहेर तुळस लावलेला. समितीला दाखवायचा नमुन्याचा संडास तोच. आणि माझं घर सार्वजनिक विहिरीला लागून. शोषखड्डा विहिरीपासून किती लांब असावा याचा नियम माझ्याच कार्यालयात भिंतीवर लावलेला होता. पन्नास फूट. माझा खड्डा अकरा पावलांवर होता. मी मोजला नव्हता. खरं सांगू? मोजायचा टाळला होता. जागा तिथंच होती.

त्या महिन्यात विहिरीची बाटली काळी झाली. समिती तोंडावर, आणि विहीर नापास. आता दोष कोणाचा?

विहिरीच्या पलीकडं आनंदाबाईंचा गोठा. एकटी बाई, चार म्हशी. त्यांचं दूध अर्ध्या गावाच्या चहात. म्हशी संध्याकाळी विहिरीजवळच्या टाक्यावर पाणी प्यायच्या, शेण पडायचं. डोळ्यांना दिसणारी घाण तेवढीच होती. मी ठराव लिहिला. 'आनंदाबाई यांच्या म्हशींमुळे सार्वजनिक विहीर दूषित झाली असून, ही विहीर यापुढे फक्त मानवी वापरासाठी राहील. गोठा आठ दिवसांत हलवावा.' आनंदाबाई पंचायतीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. म्हणाली, "रूपराव, माह्या म्हशी तीस वर्सं त्याच टाक्यावर पानी पेऊन राह्यल्या. तवा काऊन नाई झालं हे? यंदाच काऊन झालं?"

प्रश्न बरोबर होता. यंदा काय नवीन झालं होतं? पन्नास संडास झाले होते. पण मी म्हणालो, "समिती येऊन राह्यली, बाई. वाद नोको घालू."

कमलाताईंनी दुसरा नमुना नेला होता. अहवाल पंचवीस तारखेला आला. साधं पत्र, तीन ओळी. तो कागद आज मी सोबत आणला आहे. वाचतो. 'सावळधरा, सार्वजनिक विहीर, नमुना क्रमांक दोन. स्रोत : मानवी. तात्काळ कार्यवाही करावी.'

आता मला सांगा, या सभागृहात सारे पाणीवाले बसले आहेत. आपल्या खात्यात 'स्रोत' म्हणजे काय? विहीर, बोअर, हातपंप. 'गावात स्रोत किती?' म्हटलं की आपण विहिरी मोजतो. तर सरपंचानं ते काय वाचलं असेल? मी वाचलं, स्रोत म्हणजे विहीर, ती मानवी, म्हणजे माणसांसाठी. माझ्या ठरावातला शब्द जसाच्या तसा! प्रयोगशाळेनं ठरावाला मान्यताच दिली, असं मी समजलो. आणि तात्काळ कार्यवाही म्हणजे म्हशी तात्काळ हलवा.

ताईंना म्हणायचं होतं, घाणीचा स्रोत माणूस आहे.

मी अडाणी नव्हतो हो. मॅट्रिक आहे. शंका आली असती तर एक फोन करता आला असता. पण मला जे हवं होतं तेच कागदावर दिसत होतं, मग फोन कशाला करू?

दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, ग्रामसभा भरली. मी पत्र वाचून दाखवलं. मग मला भाषणाचा जोर चढला. विहिरीचं ताजं पाणी काढायला लावलं, पेला भरला आणि सगळ्यांपुढं गटागटा प्यालो. टाळ्या पडल्या. माझी नात दिपाली तिसरीत होती, लेझमाच्या पथकात पहिल्या रांगेत. ती धावत आली, "आबाजी, मले बी." मी तोच पेला भरून तिला दिला. शिपायाला सांगितलं की आता ब्लिचिंग पावडर टाकू नको, वास येते, समितीले आवडणार नाई.

आनंदाबाई त्या सभेत होती. टाळ्या वाजल्या तशी उठून गेली. दुसऱ्याच दिवशी तिनं म्हशी विकल्या.

आमच्या ग्रामसेवकानं सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत फोन केला, आभार मानायला. विहीर पास केली म्हणून आभार! आणि तासा-दीड तासात कमलाताई एसटीतून उतरल्या. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हातात ती बरणी. सरळ विहिरीवर. बाया पाणी भरत होत्या. ताईंनी दोर धरला आणि मला हाक मारली. "सरपंचसाहेब, हे काय करून राह्यले तुम्ही? विहीर काऊन चालू आहे?"

"तुम्हीच तं लिहून देल्लं," मी म्हणालो. "स्रोत मानवी."

ताईंचा चेहरा मला अजून आठवतो. पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही. मग कळलं. म्हणाल्या, "अहो, मानवी म्हंजे माणसाची घाण! माणसाची हगवण हाये या पान्यात!"

बाया घागरी घेऊन तशाच थांबल्या. माझ्या अंगाची आग झाली. समिती पंधरा दिवसांवर, सगळं गाव ऐकत होतं, आणि ही बाई असं बोलते. ताईंनी इकडं-तिकडं पाहिलं. माझा निळा संडास दिसला. विहिरीपासून चालत गेल्या, पावलं मोजत. तोंडानं मोजली, मोठ्यानं. अकराला थांबल्या. "साहेब, या खड्ड्यातला नमुना लागल मले. आणि आनंदाबाईच्या गोठ्यातल्या शेणाचा."

"माह्या घरात पाय नाई टाकायचा," मी म्हणालो.

तेव्हा ताई परत आल्या आणि विहिरीच्या काठावर बसल्या. दोर मांडीखाली घेतला. म्हणाल्या, "ठीक आहे. पन आता इथून कोनी पानी नाई काढणार."

आणि मी म्हणालो, "उतरा आधी विहिरीवरून."

हे वाक्य नुसतं वाचलं तर साधं आहे. पण कोणत्या समाजाच्या बाईला, कोणत्या विहिरीवर, कोणत्या आवाजात ते म्हटलं, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळत होतं. मी ते पाण्यासाठी बोललो नव्हतो. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की रागात बोललो, समितीच्या काळजीत बोललो. नाही. ते माझ्या पोटात आधीपासून होतं, म्हणून निघालं. ताई, त्याची मी आज माफी मागतो. तुम्ही तेव्हा एवढंच म्हणाल्या होतात, "उतरीन. विहिरीले कुलूप आणा."

पुढचं बोलणं झालंच नाही. माझ्या घरातून नलू, माझी सून, ओरडत आली. दिपालीला पहाटेपासून जुलाब लागले होते, नलूनं मला सांगितलं नव्हतं. आता उलट्या थांबेनात, पोरगी डोळे फिरवायला लागली. पोरगी नव्हे, चिंधी झाली होती ती. ताईंनी काठावरूनच सांगितलं, "मीठ-साखरेचं पानी पाजत न्या, घोट घोट. पन या विहिरीचं नाई. उकळलेलं असल तं तेच." जीप निघाली तेव्हा मी मागं वळून पाहिलं. ताई तशाच बसल्या होत्या, आणि नलू जीपमधून डोकं बाहेर काढून त्यांना सांगत होती, "घ्या जी नमुना. माह्या घरचा खड्डा हाये, मी सांगतो, घ्या."

सेवाग्रामच्या दवाखान्यात तीन दिवस. पहिल्या रात्री लघवी बंद होती. डॉक्टर सलाईनच्या बाटल्या बदलत होते. मी पलंगाच्या पायथ्याशी बसून होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या गावची आणखी आठ माणसं त्याच वॉर्डात आली. एक म्हातारा माझ्याकडं पाहून हसला, म्हणाला, "सरपंच, तुमच्या पान्यानं पाठवलं." गंमत केली त्यानं.

तिसऱ्या दिवशी दिपालीनं खिचडी मागितली. तिथून मी पायीच निघालो ते थेट इथं, या प्रयोगशाळेत आलो. ताईंनी तीन काचेच्या बशा पुढं ठेवल्या. झाकलेल्या, एक-दोन-तीन आकडे घातलेल्या. पहिली विहिरीची. पिवळे ठिपके. दुसरी म्हशीच्या शेणाची. त्यात तसा एकही ठिपका नाही. तिसरी माझ्या खड्ड्याची. पहिलीसारखीच, फक्त ठिपके इतके की मोजता येईनात. मला मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण पुरेसं होतं.

आणि तेव्हा मी काय केलं, सांगू? हात जोडले. म्हणालो, "ताई, बारा तारीख होऊन जाऊ द्या. समिती येऊन जाऊ द्या. खड्डा मी आजच बुजवतो. पण हे कागदावर नोका घेऊ."

ताई म्हणाल्या, "कागद तं आजच जाईन, भाऊ. वाचून दाखवणं तुमचं काम."

कागद आला. पानभर होता, मोठ्या अक्षरांत. तुमच्या कार्यालयातला तो पहिला निबंध, लिपिक साहेब. मी तो वाचून दाखवला नाही. कपाटात ठेवला. खड्डा बुजवला, विहीर उपसली, औषध टाकलं. समिती आली. आम्हाला बक्षीस मिळालं. माझ्या नावापुढं तो शब्द लागला. आणि गावात सगळे हेच म्हणत राहिले, की आनंदाबाईच्या म्हशींनी गावाला आजारी पाडलं. सव्वीस जानेवारीला त्या म्हशींनी शेवटचा सूड घेतला, असंही कोणी म्हणे. मी ऐकत होतो. आनंदाबाई गाव सोडून आंजीला भावाकडं गेली. ठराव तसाच राहिला.

त्यानंतर दरवर्षी आमच्या विहिरीचा अहवाल येतो. पाणी आता चांगलं आहे. पण प्रत्येक अहवालाच्या खाली, सहीच्या बाजूला, पेन्सिलीनं एक शब्द असतो. हे पाहा, सहा कागद. दोन हजार तीन. 'ठराव?' दोन हजार चार. 'ठराव?' पाच, सहा, सात. यंदाचा. 'ठराव?' साहेब, ही शिस्तीच्या बाहेरची गोष्ट आहे, सरकारी कागदावर असं लिहू नये. आज ताई निवृत्त होतात म्हणून सांगितलं, कारवाई करू नका.

मला कोणी विचारेल, सहा वर्षं काय करत होता? काही नाही. पुढच्या ग्रामसभेत बोलू, असं म्हणत होतो. घरी दिपाली आहे. आता नववीत आहे, ठणठणीत आहे. पण मी तिला पाण्याचा पेला दिला तर ती आधी पेल्यात पाहते, मग माझ्याकडं पाहते, मग पिते. तिला कोणी शिकवलेलं नाही ते. ती विचारतही नाही काही. मला ते सहन होत नाही.

नलू आता सरपंच आहे. ती मागं बसली आहे. तिनं मला गेल्या आठवड्यात सरळ सांगितलं, "आबाजी, एक मेच्या ग्रामसभेत तुम्ही बोला, नाई तं मी कपाट उघडतो." उद्या एक मे. आणि मी स्वतःला ओळखतो. उद्या सकाळी उठेन आणि माझी तब्येत बिघडेल. म्हणून हे मी आज, इथं, दोनशे माणसांपुढं बोलतो आहे. आता उद्या माघार घेता येणार नाही.

ठरावाचा नवा मसुदा मी आज सकाळी चहाच्या वेळी ताईंना दाखवला. मोठ्या अभिमानानं दाखवला. मी लिहिलं होतं, 'सन दोन हजार दोनमध्ये सार्वजनिक विहीर म्हशींमुळे नव्हे, तर मानवी विष्ठेमुळे दूषित झाली होती, असे आढळून आले.' ताईंनी चष्मा लावला, वाचलं. पर्समधून पेन्सिल काढली आणि 'मानवी'च्या खाली रेघ ओढून बाजूला लिहिलं, 'कोणाची?'

अडतीस वर्षांच्या नोकरीतला हा त्यांचा शेवटचा शेरा आहे. आणि मी परत त्याच शब्दामागं लपलो होतो.

मग मी मसुदा पुन्हा लिहिला. वाचतो. 'सन दोन हजार दोनमध्ये सार्वजनिक विहीर ही तत्कालीन सरपंच रूपराव झाडे यांच्या घरच्या संडासामुळे दूषित झाली होती. आनंदाबाई यांच्या म्हशींचा त्यात काहीही संबंध नव्हता. हे माहीत असूनही रूपराव झाडे यांनी ते लपवले. त्यांचा जुना ठराव ही ग्रामसभा रद्द करीत आहे.'

आनंदाबाई आज आल्या आहेत. मीच आंजीला जाऊन बोलावलं, कशासाठी ते सांगितलं नाही. त्या तिथं, भिंतीकडच्या कूलरपाशी बसल्या आहेत...

काय म्हणता, आनंदाबाई? ऐकू नाही आलं?

बरोबर आहे. "जोरानं बोल, कूलरच्या आवाजात कायी समजून नाई राह्यलं," म्हणतात त्या. कोणीतरी तो कूलर बंद करा. करा ना, दोन मिनिटं घाम आला तर काही बिघडत नाही. हां.

आनंदाबाई, विहिरीतली घाण माह्या घरची होती. तुमच्या म्हशीची नाई. मले ते तीन दिवसांत माहीत झालतं, आन् मी सहा वर्सं कोणाले सांगितलं नाई. उद्या गावात बी हेच सांगीन. तुम्ही या.

अध्यक्ष महाराज, माझी वेळ संपली. कमलाताईंना निवृत्तीनंतर उत्तम आरोग्य लाभो, आणि ती पेन्सिल त्यांनी फेकू नये, एवढी विनंती. मला बोलायला उभं केलंत, एवढा वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल प्रयोगशाळेचा आणि आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. निरोपाच्या कार्यक्रमात हे बोलणं शोभलं नसेल, शब्द कमी-जास्त झाले असतील, वऱ्हाडी घुसली असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं पोटात घालावं. ती माफी मी तुम्हा सर्वांकडं मागतो. दुसरी माफी एकाच बाईकडं मागायची आहे, आणि ती देण्याची तिच्यावर काही सक्ती नाही.

आनंदाबाई, आता आलं ना ऐकू?